शेपटी गाठीगाठीची येतेय! वेक्टरमध्ये वळणं कशी काढता?

शेपूटघाई | मंगळवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज अडले म्हणून धागा काढतेय.

मी फोर्टात अकाउंट्सला आहे, राहते डोंबिवलीत. रोज सीएसएमटीला गाडी पकडायच्या आधी मान वर करून बघायची सवय लागली आहे. भिंतीतून तोंड बाहेर काढून बसलेले ते दगडी प्राणी, फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. १८७८ साली काम सुरू झालं ते पुरं व्हायला दहा वर्षं लागली, आणि कोरीवकामात तेव्हाच्या बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. दहा वर्षं कोणीतरी तिथे पंजे आणि चोची कोरत होतं, हे आठवलं की मार्चएंडही सुसह्य होतो.

तर चित्र असं आहे. शेवटची कसारा गेली, स्टेशन रिकामं झालं आणि भिंतीवरचे प्राणी खाली उतरले. त्यांच्याकडे पाहुणा आलाय: आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर कोरलेला असतो तो सिंहासारखा काल्पनिक प्राणी, शरभ. मी त्याला मोठे पंख आणि लांबलचक शेपूट दिली आहे. (शिल्पात एवढी लांब नसते, ठाऊक आहे. इतिहासवाल्यांनी सांभाळून घ्यावं.) ती शेपूट मधल्या घुमटाला दीड वेढा घालून खाली लोंबते.

कागदावर शेपूट एका दमात आली. खांद्यापासून हात फिरवला, झाली. मग फोटो काढून इंकस्केपमध्ये (वेक्टर चित्रांचं सॉफ्टवेअर, म्हणजे कितीही ताणली तरी न फाटणारी रेघ) टाकला, पेन टूल घेतलं आणि इमानेइतबारे गिरवलं. निघाला काय, तर एकामागोमाग चार उंदीर गिळलेला साप! नोड (रेघ ज्या बिंदूंवर अडकवलेली असते ते) मोजले, ४३ भरले. इंटरमिजिएटला ए ग्रेड होती हो माझी.

चित्र १ खाली देतेय. हसा, पण उपायही सांगा.


रात्रपाळी | बुधवार, १२:१५

वेक्टरचा अट्टहास कशाला? क्रितामध्ये (रंगवायचं सॉफ्टवेअर) ब्रशचा स्टॅबिलायझर लाव, हात हळू फिरव, लोण्यासारखी रेघ येते. माझे सगळे ड्रॅगन असेच झालेत. पेन टूलने चित्र काढणं म्हणजे चिमट्याने वरणभात खाणं.


शेपूटघाई | बुधवार, १२:३१

@रात्रपाळी, चिमट्याने वरणभात :D

रंगवणार मी क्रितामध्येच आहे. पण मैत्रिणीचा कॉमिक कॉनला स्टॉल आहे आणि तिला हाच शरभ दोन इंची स्टिकरवर, ए३ प्रिंटवर आणि तीन फुटी कटआउटवर हवाय. ए३ ला ३०० डीपीआयने ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात, तेवढ्यालाच माझा लॅपटॉप धापा टाकतो. शिवाय एक शिंग नीट जमलं की तेच फिरवून, ताणून बाकीच्या प्राण्यांना लावायचंय. दरवेळी नवीन शिंग कोण काढत बसणार?


कोरलकाका | बुधवार, सकाळी ९:०५

बाळे, ४३ नोडची शेपूट आमच्या कटिंग प्लॉटरवर टाकलीस तर मशीन अडखळत चालेल आणि व्हायनलची कड करवतीसारखी निघेल. गिरगावात छपाईच्या धंद्यात केस पांढरे केलेत. आधी नोड मोजतो, मग रेट सांगतो. (गंमत. पण अर्धीच.)

आणि ऑटो ट्रेसच्या, म्हणजे फोटोवरून आपोआप वेक्टर करण्याच्या, वाटेला जाऊ नकोस. लोक जेपेग ट्रेस करून आणतात, आत चार हजार नोड. कोरलमध्ये (आमचं वेक्टरचं सॉफ्टवेअर) उघडलं की माउस फिरायचा थांबतो.


पेन्सिलतोड | बुधवार, ९:४०

सोप्पंय. शेपूट सिलेक्ट कर, कंट्रोल + एल, म्हणजे सिम्प्लिफाय. पटापट दोनतीनदा दाबलं की दरवेळी जास्त जोरात साफ करतं.


शेपूटघाई | बुधवार, दुपारी १:२०

@पेन्सिलतोड, केलं. (जेवणाच्या सुट्टीत, मॅनेजर समोर नसताना.) नोड १७ झाले, पण उंदीर गेले नाहीत, फक्त जरा बारीक झाले. आणि टोकाचा गोंडा वितळून त्याचा रताळं झालं.


अक्षरपिसा | बुधवार, रात्री १०:१८

मी अक्षरं काढतो, प्राणी नाही. पण 'ळ' आणि शेपूट ह्यांत फार अंतर नाही, म्हणून लिहितो. लांब आहे, चहा घेऊन बसा.

सिम्प्लिफायने काम होणार नाही, कारण त्या बिचाऱ्याला शेपूट म्हणजे काय ते माहीत नाही. त्याला गाठीही शेपटीचाच भाग वाटतात. मुळात तू गिरवलंस, तिथे घोळ झाला. गिरवताना जिथे जिथे भीती वाटते तिथे आपण एक नोड ठोकतो, आणि पेन्सिलचा प्रत्येक कंप त्यात पकडला जातो. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं.

आता असं कर. स्केचवर नवीन लेयर घे, पेन टूलला हात लावू नको. नुसते ठिपके दे. कुठे? प्रत्येक वळणाचा सगळ्यात वरचा बिंदू, सगळ्यात खालचा, सगळ्यात डावा, सगळ्यात उजवा. शेपटीची दोन टोकं. बास. घुमटाच्या मागे लपलेल्या भागातही ठिपके दे. शेपूट दिसत नसली तरी तिथे आहेच. तो भाग अंदाजाने जोडलास तर पलीकडून बाहेर येते ती शेपूट दुसऱ्याच प्राण्याची वाटते.

ह्या ठिपक्यांवर नोड बसव आणि हँडल (नोडातून निघणाऱ्या, वळण ठरवणाऱ्या दांड्या) एकदम आडवी किंवा एकदम उभी ठेव. हँडल ओढताना कंट्रोल धरलंस की इंकस्केप १५ अंशांच्या टप्प्यांनी फिरवतं, त्यामुळे आडवंउभं आपोआप सापडतं. लांबी सुरुवातीला तुकड्याच्या साधारण एक तृतीयांश धर. पाव वर्तुळ असेल तर त्रिज्येच्या ०.५५२३ पट. चार नोडचं वर्तुळ ह्याच आकड्यावर उभं असतं. गंमत म्हणजे ते खरं वर्तुळ नसतंच, त्रिज्येत जास्तीत जास्त ०.०२७ टक्के फरक राहतो. १० सेंटिमीटर त्रिज्येला केसाहून कमी. तेव्हा शरभाच्या बुबुळाची काळजी नको.

सगळ्यात महत्त्वाचं आता. एका तुकड्याच्या दोन्ही टोकांची हँडल मनातल्या मनात पुढे वाढव. ती जिथे एकमेकांना छेदतील त्या बिंदूच्या पलीकडे कुठलंही हँडल जाता कामा नये. गेलं की पोटात कुबड आलंच. तुझ्या चित्र १ मधले दुसरा आणि तिसरा उंदीर हेच आहेत, झूम करून बघ.

वळण डावीकडचं उजवीकडे पलटतं त्या जागी एक नोड देऊन ठेव. एका तुकड्यात एसचा आकार बसतो, पण हात बसेपर्यंत तो मोह टाळावा.

आणि नको असलेला नोड नुसत्या डिलीटने उडवू नको. इंकस्केप आकार टिकवायला बघतं आणि शेजारची हँडल भलतीकडे ताणतं. कंट्रोल + डिलीट दाब. आकार मोडेल, मोडू दे. दोन हँडलनी परत बसवता येतो.


मीनलची_मनी | बुधवार, १०:४४

वाचनखूण साठवली. कुत्र्याचं चित्र काढताना शेपूट नेहमी झाडाआड लपवत आलेय, आता बाहेर काढेन.


शेपूटघाई | गुरुवार, रात्री ११:३७

चित्र २ बघा!! ४३ चे ९ झाले. नऊ! डोंबिवली ते सीएसएमटी कागदावर ठिपके दिले (उभ्याने, जलद गाडीत, शेजारच्या काकूंना वाटलं मी रांगोळी काढतेय) आणि घरी येऊन तासाभरात शेपूट उभी राहिली. अक्षरपिसा, तुम्हाला माझ्याकडून वडापाव.

पण एक जागा खुपतेय. घुमटावरून सुटून शेपूट सरळ खाली लोंबायला लागते, तिथे वळण आणि सरळ भाग जिथे जुळतात. नोड स्मूथ आहे, दोन्ही हँडल एका रेषेत आहेत, तरी तिथे काहीतरी मोडल्यासारखं दिसतं. कोपरा नाही, पण आहे काहीतरी. मला वेड लागलंय का?


रूळावरचा | शुक्रवार, सकाळी ६:५०

वेड नाही लागलं ताई, डोळा चांगला आहे तुमचा.

मला चित्रातलं काही कळत नाही, धागा नातीने दाखवला. माझी नोकरी रेल्वेत पी-वेमध्ये, म्हणजे रूळ बघण्यात गेली. सरळ रूळ थेट गोल वळणाला जोडला तर दिशा जुळते, पण गाडी तिथे पोचली की डबा हिसका खातो, कारण एका क्षणी वळण शून्य असतं आणि दुसऱ्या क्षणी पूर्ण. म्हणून मध्ये एक तुकडा घालतात, ट्रान्झिशन कर्व्ह. त्यात वळण हळूहळू चढतं. आपल्याकडे त्यासाठी क्युबिक पॅराबोला वापरतात. दारात लटकणाऱ्याला कळतही नाही गाडी कधी वळली ते.

तुमच्या शेपटीत तो मधला तुकडा नाही. डोळ्याला हिसका बसतोय.


अक्षरपिसा | शुक्रवार, ८:१२

आजोबा, साष्टांग नमस्कार. हे मला कोणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर.

@शेपूटघाई, आता ह्याचं इंकस्केप करू. स्मूथ नोड फक्त दिशा जुळवतो, वक्रता नाही. तुझा खालचा तुकडा सरळ आहे, म्हणजे त्याची वक्रता शून्य. वरचा तुकडा नोडपाशी येईपर्यंत कच्चकन वळलेला आहे. त्या नोडचं वळणाच्या बाजूचं हँडल लांब कर. हँडल लांब केलं की त्या टोकाशी वळण सैल पडतं, आखूड केलं की आवळतं, आणि हे फार झपाट्याने होतं: पलीकडचं हँडल जागचं न हलवता हे निम्मं केलंस तर त्या टोकाची वक्रता चौपट होते. म्हणून माउसच्या एवढ्याशा धक्क्याने आकार बिघडतो.

दुसरा उपाय म्हणजे तो नोडच काढून टाक. सरळ लोंबणारी शेपूट खरंच सरळ हवी का? जरा पोट दे की तिला.


शेपूटघाई | शुक्रवार, ८:३०

लोंबती शेपूट सरळ असते ती फक्त मेलेल्या प्राण्याची, हे आत्ता लक्षात आलं. नोड काढला. ८ राहिले. गाडीत आहे, रात्री चित्र टाकते.


माझगावकर | शुक्रवार, दुपारी ३:१५

रूळावरच्या काकांचं वाचून राहवलं नाही. मी गोदीत ड्राफ्ट्समन होतो, संगणक यायच्या आधीचा. जहाजाच्या रेषा आम्ही मोल्ड लॉफ्टच्या लाकडी जमिनीवर खऱ्या मापात काढायचो. लांब लवचिक पट्टी घ्यायची, ठरलेल्या बिंदूंवर अडकवायची आणि वाकेल तशी वाकू द्यायची. टेबलावरच्या नकाशाला हेच काम छोट्या पट्टीने आणि शिशाच्या वजनांनी. त्या पट्टीला स्प्लाइन म्हणायचे. तुमच्या संगणकातला स्प्लाइन हा शब्द तिथूनच आलाय.

नवा पोरगा आला की वजनांवर वजनं ठेवायचा. रेघ बिंदूंतून बरोबर जायची आणि तरी पन्हाळी पत्र्यासारखी दिसायची. आमचे फोरमन काही बोलायचे नाहीत. येऊन मधलं एक वजन उचलायचे. पट्टी 'टुक्' करून सरकायची आणि रेघ एकदम सुधारायची. मग जमिनीवर आडवं होऊन, एक डोळा मिटून, पट्टीच्या कडेने बघायचं. वरून जे दिसत नाही ते कडेने दिसतं.

तुम्ही स्क्रीनवर कडेने कसं बघता?


पेन्सिलतोड | शुक्रवार, ३:४२

काका, आम्ही एच दाबून चित्र आरशासारखं उलटं करतो, नाहीतर व्ही दाबून डोक्यावर उभं करतो. डोळ्याला जुनी सवय राहत नाही, फुगवटे लगेच दिसतात. आणि झूम आउट. ८०० टक्क्यांवर बसून कोणाचं भलं झालेलं नाही.

तुमच्या पट्टीसारखं वागणारं टूलही आहे: इंकस्केपच्या पेनमध्ये स्पायरो मोड. नुसते बिंदू द्यायचे, हँडल नाहीतच, वळण ते स्वतः सैल करून बसवतं. फक्त बिंदू चुकीच्या जागी ओढला तर मधूनच गरागरा भोवरे काढतं. काकांची पट्टी असं करत नसणार.


माझगावकर | शुक्रवार, ४:०५

करायची. तुटून अंगावर यायची.


शंकेखोर | शुक्रवार, संध्याकाळी ७:२०

ह्या नोड-हँडलच्या वळणांना सगळीकडे बेझियर म्हणतात, हा बेझियर कोण? आणि हँडल ओढल्यावर रेघ नक्की कशी ठरते? आतलं गणित कोणी मराठीत सांगेल का, घातांक न घालता?


कार्यानुभव_मास्तर | शुक्रवार, रात्री ९:०२

उच्चार बेझिए. पिएर बेझिए, रेनॉ मोटार कंपनीतला अभियंता. १९६० च्या दशकात गाडीच्या पत्र्याची वळणं आकड्यांत कशी मांडायची ह्यावर त्याने काम केलं. पण त्याच्या आधी, १९५९ मध्ये, सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो नावाच्या माणसाने तेच शोधलं होतं. त्याच्या कंपनीने ते गुपित ठेवलं, बेझिएने छापलं, नाव बेझिएचं झालं. पुढे १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट भाषेत ही वळणं आली आणि १९८७ मध्ये इलस्ट्रेटरमधून चित्रकारांच्या हातात पडली. म्हणजे आपली शेपूट मुळात मोटारीच्या बॉनेटची नात आहे.

आता गणित. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्यावर दोन रेघांचा कोन करून, समान अंतरावर भोकं पाडून दोरा ओवायचात, आठवतं? एका रेघेवरचं पहिलं भोक दुसरीवरच्या शेवटच्या भोकाला, दुसरं त्याच्या अलीकडच्याला. सगळे दोरे सरळ, पण मधून एक वळण आपोआप उमटायचं. ते बेझिए वळणच, एक पायरी साधं.

चार बिंदूंचं वळण कागदावर करून बघा. पहिला नोड क, त्याच्या हँडलचं टोक ख, दुसऱ्या हँडलचं टोक ग, दुसरा नोड घ. कख, खग, गघ ह्या तिन्ही रेघांचे मध्य काढा. तीन बिंदू मिळाले. ते ओळीने जोडा, दोन रेघा झाल्या, त्यांचे मध्य काढा. ते दोन जोडा, त्या रेघेचा मध्य काढा. हा शेवटचा बिंदू वळणावर असतो, आणि ती शेवटची रेघ वळणाला तिथे नुसती चाटून जाते. मध्याऐवजी एक चतुर्थांशावर हेच केलं तर वळणावरचा दुसरा बिंदू मिळतो. संगणक हेच शेकडो वेळा करतो. ही युक्ती द कास्तेल्जोची.

ह्यातच आणखी एक गोष्ट लपलेली आहे. वळणाच्या मध्ये नवीन नोड टाकला की आकार जराही बदलत नाही, कारण नव्या हँडलची टोकं वरच्या मध्यांमध्येच तयार असतात. उलट नोड काढला की आकार बदलतो. टाकायला फुकट, काढायला महाग.


शंकेखोर | शुक्रवार, ९:२६

केलं! वीजबिलाच्या मागे. आला बरोबर बिंदू! धन्यवाद मास्तर. बायको विचारतेय काय चाललंय.


मोरपिशी | शनिवार, सकाळी ११:१०

जरा उशिरा येतेय आणि थोडं भांडायला येतेय.

अक्षरपिसा, तुमचा वरखाली-डावाउजवा नियम फॉन्टसाठी सोळा आणे खरा. पण प्राण्याला तो सरसकट लावला की प्राणी फॉन्टसारखा दिसतो. मी गेमसाठी राक्षस काढते. एक काळ असा होता की माझे सगळे राक्षस आडव्याउभ्या हँडलवर उभे होते, आणि कलादिग्दर्शकाने एकदा बघून विचारलं, "हे फुग्याचे आहेत का?" रडले नव्हते, पण बाथरूममध्ये जाऊन आले.

जनावराच्या अंगात हाड असतं, त्यावर स्नायू, त्यावर कातडं. शरभाच्या मांडीचं वळण गुडघ्यापाशी आवळतं ते तिथे हाड आहे म्हणून, तो बिंदू सगळ्यात डावा आहे म्हणून नाही. माझे नोड हाडांवर असतात: कोपर, टाच, खवाटा, पंखाचा सांधा. हँडल तिरकी असली तर असोत. आणि एक बाजू फुगीर असली की समोरची बाजू तिथेच फुगवायची नाही, जरा वरखाली. दोन्ही बाजू एकाच जागी फुगल्या की अवयवाचं सॉसेज होतं.

शेपटीसाठी मात्र दोन कडा वेगवेगळ्या काढूच नका. कितीही केलं तरी जाडी मध्येच कमीजास्त होते. एकच कणा काढा, तुझ्या आठ नोडचा, आणि त्याला जाडी द्या. इलस्ट्रेटरमध्ये विड्थ टूल, शिफ्ट + डब्ल्यू. इंकस्केपमध्ये पाथ इफेक्टमधला पॉवर स्ट्रोक. बुंध्याशी जाड, टोकाशी निमुळती. आता शेपूट कशीही वळवा, जाडी तिच्याबरोबर जाते. शिंग, सोंड, आयाळीची बट, जिभेचं टोक, सगळं ह्यातून.


अक्षरपिसा | शनिवार, ११:४८

भांडण मान्य, अर्धं. सॉसेजवालं वाक्य भिंतीवर लावतो.

पण नवशिक्याला हाडावर नोड दे म्हटलं की त्याला सगळीकडे हाडं दिसतात आणि परत ४३ होतात. आधी आडवंउभं शिकून हात आवरायचा, मग हाडं. आणि माझा नियम कुठे लावायचा ते शेपूटघाईने आपोआप केलंय: शेपूट आहे, मांडी नाही.

शिंग सुटं काढायचं असेल तर उभं ठेवून काढ, नीट कर, मग ग्रुप करून फिरव. फिरवल्यावर ते नोड वरखालीचे राहत नाहीत, पण आकार तोच राहतो.


मोरपिशी | शनिवार, ११:५५

फिरवल्यावर त्याच शिंगात दुरुस्ती करायची वेळ आली की कळेल.


अक्षरपिसा | शनिवार, १२:०३

कळलंय. म्हणून मूळ शिंग वेगळं जपून ठेवतो.


आईचा_रवा | शनिवार, दुपारी २:३०

गणितातलं काही कळलं नाही, पण सांगते. मी संस्कार भारतीची रांगोळी काढते. सर्परेषा काढताना मध्येच हात थांबला की तिथे रांगोळीचा ढीग पडतो, गाठ दिसते. आम्हाला शिकवलं होतं, थांबायचंच असेल तर वळणाच्या माथ्यावर थांब, उतारावर थांबू नकोस. माथ्यावरून परत सुरुवात केली तर सांधा दिसत नाही.


अक्षरपिसा | शनिवार, २:४१

माझ्या दीड पानाच्या प्रतिसादाचं काम ताईंनी चार ओळींत केलं.


पेन्सिलतोड | शनिवार, ५:१५

अक्षरपिसा, कुठल्या फॉन्टचे नोड बघायला चांगले? मी मोदक नावाचा फॉन्ट उतरवून, कन्व्हर्ट टू पाथ करून बघितला. (काय गुबगुबीत अक्षरं आहेत, 'क' ला चिमटा काढावासा वाटतो.) पण त्यात नोड तर भरपूर आहेत. तुमचा नियम 'एक टाइप'वाल्यांना (मोदक त्यांचाच) कोणी सांगितला नाही का?


अक्षरपिसा | शनिवार, ६:०२

:D नियम त्यांना माझ्यापेक्षा चांगला येतो. तू फॉन्टची टीटीएफ प्रकारची फाइल उघडलीस. टीटीएफमध्ये वळणं द्विघाती असतात, म्हणजे मास्तरांच्या दोऱ्याच्या पुठ्ठ्यासारखी, नोडांच्या जोडीमागे एकच नियंत्रक बिंदू. तेवढ्यात तोच आकार बसवायला जास्त तुकडे लागतात. काढताना बहुतेक जण त्रिघातीच (मास्तरांची चार बिंदूंची) काढतात, फाइल बनवताना रूपांतर होतं. ओटीएफ प्रकारची फाइल मिळाली तर ती बघ, तिच्यात सहसा त्रिघातीच राहतात.


शेपूटघाई | रविवार, रात्री १०:२०

चित्र ३, ४, ५. पॉवर स्ट्रोकने शेपूट झाली, दोन शिंगं झाली, पंखांच्या काड्या झाल्या. क्रितामध्ये एसव्हीजी (इंकस्केपची वेक्टर फाइल) घेतलं, वरच्या लेयरला इनहेरिट अल्फा लावून आत खवले रंगवले. रंग कडेबाहेर जातच नाही! कडेला धारदार वेक्टर आणि आत खरखरीत ब्रश, हे मिश्रण मला फार आवडलंय. मोरपिशीचं ऐकून मांडी पुन्हा काढली, हाडांवर नोड देऊन. आता तो उडी मारेल असं वाटतं. आधी बसलेला बटाटा होता.

पण आज एक फटका बसला. एका छपाईच्या दुकानात नमुना काढायला गेले. आयाळीच्या बटा मी साध्या स्ट्रोकने काढल्या होत्या, जाडी २ मिलिमीटर. त्यांनी फाइल तीन फुटांवर ताणली, शरभ मोठा झाला, बटा २ मिलिमीटरच राहिल्या. सिंहाऐवजी टायफॉइडमधून उठलेला सिंह. आणि स्टिकरच्या मापाला उलटं, बटा एकमेकींत मिसळून डोक्यावर काळी टोपी. वर त्यांनीच मला झापलं, "मॅडम, फाइल बरोबर आणा." पैसे गेलेच.


कोरलकाका | सोमवार, सकाळी ९:१०

अगं, आधी इथे विचारायचंस. चूक अर्धी तुझी, अर्धी त्यांची. ताणताना बघायला नको?

स्ट्रोक म्हणजे रेघ आणि तिच्या जाडीचा एक आकडा. आकार ताणला की आकडा बरोबर ताणायचा का नाही, ते प्रत्येक सॉफ्टवेअरच्या सेटिंगवर असतं. म्हणून बाहेर द्यायच्या फाइलमध्ये स्ट्रोक ठेवायचेच नाहीत. इंकस्केपमध्ये स्ट्रोक टू पाथ, कंट्रोल + ऑल्ट + सी. कोरलमध्ये कंट्रोल + शिफ्ट + क्यू. अक्षरं असतील तर त्यांचे कर्व्ह, कंट्रोल + क्यू. पॉवर स्ट्रोकची शेपूटही पाथ करून टाक, कोरलला तुमचे ते इफेक्ट कळत नाहीत. पण हे सगळं कॉपीवर. मूळ फाइल कण्यासकट तुझ्याकडे ठेव.

आणि एक, पाथ केलास की नोड वाढलेले दिसतील, घाबरू नकोस.


शंकेखोर | सोमवार, ९:३५

का वाढतात? कणा तर आठच नोडचा होता ना?


कार्यानुभव_मास्तर | सोमवार, १०:००

कारण बेझिए वळणापासून ठरावीक अंतरावर समांतर काढलेली रेघ सहसा बेझिए नसते. जवळपास बसवावी लागते, त्यासाठी तुकडे करावे लागतात. सरळ रेघ आणि अगदी साधी प्रकरणं सोडली तर ह्याला इलाज नाही.


माझगावकर | सोमवार, १०:४०

जहाजाच्या पत्र्याच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेचं हेच दुखणं. आम्ही दोन पट्ट्या लावायचो.


शेपूटघाई | सोमवार, रात्री ११:१५

सगळे स्ट्रोक पाथ केले. शेपटीच्या कडा ३१ नोडच्या झाल्या, त्यातले नऊ हाताने उडवले, कंट्रोल + डिलीटने, आणि हँडल परत बसवली. आता २२. माझगावकर काका, एक डोळा मिटून, लॅपटॉप तिरका धरून कडेने बघितलं. घुमटाच्या डाव्या अंगाला एक बारीक फुगवटा सापडला, समोरून खरंच दिसत नव्हता. एक वजन उचललं.

अजून त्या शरभाला डोळे नाहीत, ते शनिवारी. कोरलकाका, कटआउट तुमच्याकडेच करते, गिरगावात कुठे ते निरोपातून कळवा. किती नोडपर्यंत जुना रेट?


कोरलकाका | मंगळवार, सकाळी ९:०२

बावीस चालतील. डोळे काढून झाले की फाइल पाठव. कर्व्ह करून.